चार नंबरचं कपाट

सरकारी कचेरीत माणसाचं नाव हळूहळू गळून पडतं आणि टेबलाचं नाव त्याला चिकटतं. आवकबाईंचं तसंच झालं होतं. आलेल्या कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि त्याची नोंद करायची, हे काम त्या बावीस वर्षं करत होत्या, म्हणून आवकबाई. जाणाऱ्या कागदांचं कामही त्यांच्याकडेच होतं, पण जावकबाई असं त्यांना कुणी म्हटलं नाही. पुढे जे झालं ते पाहता लोकांचं बरोबरच होतं.

कचेरी साहाय्यक साधनांची. म्हणजे कुणाला कुबड्या हव्यात, कुणाला चाकांची खुर्ची, कुणाला कानाचं यंत्र, तर त्याने इथे अर्ज करायचा. लहान मुलांच्या वाकड्या पायांसाठी मापाचे बूटही इथूनच मिळत. इमारत दुमजली, जिना अरुंद, आणि चाकांच्या खुर्च्यांचा विभाग बरीच वर्षं वरच्या मजल्यावर होता. हा विनोद कुणी मुद्दाम केलेला नव्हता, आणि कचेरीतल्या कुणालाही त्यात हसण्यासारखं काही दिसत नव्हतं.

आवकबाईंचा शिक्का लोखंडी होता, तारखेची चाकं बोटाने फिरवायचा. सकाळी दहाला पहिलं काम तेच. चाक एक घर पुढे, रद्दी कागदावर एक ठसा, तारीख नीट उमटली की खिडकी उघडायची. त्यांचा नेम एकच होता: माणूस खिडकीपासून हलायच्या आत त्याच्या अर्जावर शिक्का पडला पाहिजे. किती साहेब आले आणि गेले, तो नेम मोडला नाही. अर्ज पुढे चार महिने रखडो की पाच, पण तो आलाच नव्हता असं म्हणायची कुणाची छाती नव्हती. याचा बाईंना गर्व होता आणि तो त्या लपवतही नसत.

त्यांचं घर मात्र या गावात नव्हतं. घर बसने पाच तासांवर. नवऱ्याचं पंपदुरुस्तीचं दुकान तिथे, सासूबाई तिथे, आणि एकुलती एक लेक तिथे. नऊ वर्षांपूर्वी बाईंची बदली झाली तेव्हा लेक आठ वर्षांची होती. दोन-तीन वर्षांत परत आणतो, असा शब्द एका साहेबांनी दिला होता. ते साहेब रिटायर झाले आणि शब्दही त्यांच्याबरोबर रिटायर झाला. बाई दर दुसऱ्या शनिवारी बस पकडायच्या आणि रविवारी संध्याकाळी परत यायच्या. भाड्याच्या खोलीत एक खिडकी, एक शेगडी आणि एक घडीची खाट होती. नऊ वर्षांत त्यांनी तिथे साधं कॅलेंडरसुद्धा टांगलं नाही, कारण आपण इथे राहत नाही असंच त्यांनी मनाशी धरलेलं होतं.

या गावात बूट चांगले मिळत. लेक लहान असताना वहीच्या कागदावर पाऊल ठेवायची, पेन्सिलीने कडेकडेने आखायची आणि तो कागद बाबांच्या हातून टपालाने पाठवायची. बाई तो कागद घेऊन दुकानात जायच्या. पण कागद यायचा, बूट घ्यायचे, पुढचा दुसरा शनिवार उजाडायचा, तोवर पाऊल वाढलेलं असायचं. टाच आत जाईना की लेक हसायची आणि म्हणायची, "आई, तू मागच्या महिन्यातल्या मला बूट आणतेस." चौदाव्या वर्षी तिने कागद पाठवणं बंद केलं.

दोन वर्षांपूर्वी पुनर्रचना आली. आधी तीन गृहस्थ लॅपटॉप घेऊन आले आणि सहा आठवडे बसले. त्यांनी भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या, बाण काढले, आणि प्रत्येकाला विचारलं की तुमच्या कामातून मूल्यवर्धन नेमकं कुठे होतं. बाईंनी जरा विचार केला आणि शिक्क्याकडे बोट दाखवलं. त्यातल्या एकाने ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या. बाईंना वाटलं, मुद्दा पटला.

पूर्वी एक अर्ज एका कारकुनाकडे जायचा आणि शेवटपर्यंत त्याच्याकडेच राहायचा. काम संथ, कारकून चहाला गेलेला, हे सगळं खरं, पण अर्जदाराला विचारायला एक तोंड असायचं. आता तीन कक्ष झाले: स्वीकृती, छाननी, वितरण. कुणाकडेच अख्खा अर्ज राहिला नाही. खिडकीसमोरच्या भिंतीवर एक पडदा लागला आणि त्यावर मोठ्या आकड्यात, अर्ज निकाली निघायला सरासरी किती दिवस लागतात, ते दिसू लागलं. पहिल्या दिवशी आकडा होता एकशे अठरा, लालभडक. उद्दिष्ट होतं पंधरा. आणि नियम असा की शिक्का पडल्यापासून पंधरा दिवसांत अर्ज निकाली निघाला नाही, तर सोळाव्या दिवशी संगणक तो आपणहून फेटाळणार, आणि त्या माणसाला पुढचे सहा महिने पुन्हा अर्ज करता येणार नाही. नियम करणाऱ्यांना वाटलं होतं, यामुळे कारकून हलतील.

पहिल्याच महिन्यात एक म्हातारा पहारेकरी खिडकीशी आला. एक पाय गुडघ्यापासून गेलेला. अर्जावर डॉक्टरांची सही नव्हती, कारण डॉक्टर महिनाभर रजेवर होते. बाईंनी सवयीने शिक्का उचलला आणि तो हातातच राहिला. आत्ता शिक्का मारला की सोळाव्या दिवशी हा माणूस बाद. मग सहा महिने घरात बसून राहा.

"हा अर्ज माझ्याकडे असू द्या आजोबा," त्या म्हणाल्या. "सही आणा, मग मारते."

त्यांनी अर्ज मागच्या चार नंबरच्या कपाटात ठेवला. तिथे पूर्वीच्या नमुन्याचे कोरे फॉर्म पडून होते. शिक्क्याविना कागद ठेवायची सवय नव्हती म्हणून हाताला राहवेना. त्यांनी कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक तारीख घातली. महिन्याभराने म्हातारा सही घेऊन आला, शिक्का पडला, अकराव्या दिवशी कुबड्या मिळाल्या. त्याने खिडकीतून हात घालून बाईंच्या डोक्यावर ठेवला. बाईंना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मग दुसरा आला, तिसरी आली. कुणाचा फोटो नाही, कुणाचा पत्त्याचा पुरावा नाही. सगळे चार नंबरात. सगळे वाचले. अडाण्यासारखा नियम आणि त्यावर बाईंचा साधा उपाय. इथवर कुणीही त्यांची पाठच थोपटली असती.

अधीक्षकांनी थोपटलीच. अधीक्षक म्हणजे कचेरीचे मुख्य, गोड बोलणारे, बढतीच्या उंबरठ्यावर बसलेले. वाईट माणूस नव्हे. दिवाळखोराच्या खात्यासारखा लाल दिसणारा त्यांचा पडदा आता पिवळा होत चालला होता आणि तो का, हे शोधायला त्यांना दोन दिवस लागले. ते बाईंच्या टेबलाशी आले, कपाटाकडे न बघता उभे राहिले.

"बाई, तुम्ही जे करताय ते चालू ठेवा," ते म्हणाले. "मला त्यातलं काही माहीत नाही. पण चालू ठेवा."

त्या दिवसापासून बाईंची दया ही कचेरीची पद्धत झाली. अपुराच काय, पुरा अर्जसुद्धा आधी कपाटात जाऊ लागला. छाननीवाले मोकळे झाले की अधीक्षक चिठ्ठी पाठवत, आज तीन सोडा, आज चार सोडा. बाई तेवढे काढून शिक्का मारत. घड्याळ शिक्क्यापासून सुरू होणार, त्यामुळे पडदा हिरवा झाला. पंधरा, बारा, मग नऊ. कचेरीला आदर्श कार्यालयाची पाटी मिळाली. वरून साहेब येऊन पडद्यासमोर फोटो काढून गेले.

आणि काम इतकं झपाट्याने होतंय म्हटल्यावर इतकी माणसं कशाला? तेविसाचे चौदा झाले, चौदाचे अकरा. मुलांच्या पायांची मापं घेणारे बूटवाले काका रिटायर झाले तेव्हा त्यांचं पदच रद्द झालं. आता आईबापांनी घरी छापील कागदावर मुलाचं पाऊल आखून आणायचं. छाननीत दोघं उरले. पंधरा दिवसांत त्यांच्या हातून चाळीस अर्ज निघत, त्याच्या वर नाही. कपाटाचा खालचा कप्पा भरला, मग मधला, मग वरचा. आधी चार महिने लागत आणि ते भिंतीवर दिसत. आता दहा-अकरा महिने लागत आणि भिंतीवर नऊ दिवस दिसत. कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये होती आणि शनिवारी बसमध्येसुद्धा त्या मधूनच पर्स चाचपून बघायच्या.

वर कळवावं असं त्यांच्या मनात आलं नाही असं नाही. एकदा त्यांनी मुख्य कचेरीला फोन लावला आणि आडून विचारलं, समजा एखाद्या कार्यालयात जुने अर्ज राहिले असतील तर काय करायचं. पलीकडच्या मुलीने संगणकात बघितलं आणि कौतुकाने सांगितलं, "तुमच्याकडे जुने अर्ज नाहीतच मॅडम. तुमचं प्रलंबित शून्य आहे." बाईंनी फोन ठेवला. आणखी बोलावं तर पहिला प्रश्न येणार, हे सुरू कुणी केलं? त्याचं उत्तर त्यांच्या पर्समध्ये होतं.

अर्ज देऊन गेलेल्यांत एक शिवणकाम करणारी बाई होती. सहा वर्षांची मुलगी, डावा पाय आत वळलेला. मुलीने आखलेल्या पावलाच्या प्रत्येक बोटावर नख काढलं होतं आणि अंगठ्याच्या नखाला डोळे. तो कागद हातात घेऊन आवकबाई हसल्या होत्या. आई दर महिन्याला विचारायला यायची. भांडायची नाही, तेच जास्त लागायचं. खिडकीशी उभी राहून ती भिंतीवरच्या हिरव्या नवाकडे बघायची. एकदा तिने शांतपणे विचारलं, "बाई, माझे नऊ दिवस कधी सुरू होणार?"

आवकबाईंनी खाली बघून शिक्क्याचं चाक फिरवायला घेतलं. तारीख तीच होती, ते पुढे-मागे करून परत तिथेच आणलं.

अशात एका सोमवारी बदलीचा हुकूम आला. आदर्श कार्यालयातल्या कर्मचाऱ्यांना बक्षीस म्हणून पसंतीच्या गावी बदली. बाईंनी हुकूम तीनदा वाचला. गावाचं नाव बरोबर होतं, त्यांचं नाव बरोबर होतं. तीस दिवसांत हजर व्हायचं, नाहीतर हुकूम आपोआप रद्द. लेक शाळेच्या शेवटच्या वर्षात होती. वर्ष संपलं की ती शिकायला दूर जाणार होती. म्हणजे एक वर्ष, फक्त एकच, पण रोजचं.

बाईंनी नवऱ्याला फोन केला. मग मागे कुठल्यातरी पंपाचा आवाज बंद झाला आणि तो म्हणाला, "अगं, खरं का?" त्याने फोन लेकीला दिला. लेक म्हणाली, आई, मी सकाळची शिकवणी संध्याकाळी करून घेते, म्हणजे सकाळी आपण दोघी असू. तिने हे एका दमात सांगितलं, जणू कधीचं ठरवून ठेवलं होतं. पुढच्या शनिवारी बाई घरी गेल्या तेव्हा नवऱ्याने स्वयंपाकघरात नवी फळी ठोकली होती. जुनी उंच होती, बाईंचा हात पुरत नसे. नऊ वर्षं त्या पाहुण्यासारख्या स्टुलावर चढून डबे काढत होत्या. सासूबाईंनी फळीवर एक रिकामा डबा ठेवून बघायला सांगितलं. बाईंनी ठेवला. हात सहज पुरला.

आता राहिली प्रभार यादी. सरकारी माणूस टेबल सोडतो तेव्हा त्याच्या ताब्यातली एकूण एक वस्तू लिहून द्यायची आणि घेणाऱ्याने सही करायची. सही झाली की सुटका. बाईंनी बसून सुंदर अक्षरात लिहायला घेतलं. तारखेचा शिक्का, एक. शाईच्या गाद्या, तीन. टाचणीचे डबे, दोन. कपाट क्रमांक एक, आवक नोंदवह्या. कपाट दोन, जावक नोंदवह्या. कपाट तीन, परिपत्रकं. कपाट चार. इथे पेन थांबलं.

त्या यादी घेऊन अधीक्षकांकडे गेल्या. माझ्या जागी कोण येतंय, म्हणून विचारलं. कुणीच नाही, अधीक्षक म्हणाले. हे पद तुम्ही सोडलं की रद्द. खिडकीत यंत्र बसणार, लोक स्वतःच अर्ज भरणार, यंत्र त्याच क्षणी शिक्का मारणार. प्रभार माझ्याकडेच द्यायचा.

"आणि चार नंबर?"

अधीक्षकांनी खुर्ची जरा मागे घेतली. "त्यात जुने कोरे फॉर्म आहेत," ते म्हणाले. "कागदोपत्री पहिल्यापासून तेच आहेत. तेच लिहा."

बाईंना परिपत्रक माहीत होतं, कारण त्यावर शिक्का त्यांनीच मारला होता. जुन्या नमुन्याचे कोरे फॉर्म येत्या शुक्रवारी चार वाजता ट्रकमध्ये भरायचे आणि लगद्याच्या कारखान्यात पाठवायचे. म्हणजे त्यांनी तीन शब्द लिहायचे आणि शनिवारी कायमचं घरी जायचं. मागे काही उरणार नव्हतं. ज्यांचे कागद गेले, त्यांनी कधी अर्ज केला होता याचा पुरावाच जगात नसणार. त्यांना पोचपावती द्यायची नाही, हेही पद्धतीतच होतं.

त्या दुपारी बाईंनी कपाट उघडून अर्ज मोजले. आठशे अकरा. मग टेबलाशी बसून त्यांनी सगळ्या बाजूंनी विचार केला. आजच्या आज आठशे अकरा शिक्के मारले तर? हात दुखेल, संध्याकाळपर्यंत होईल. छाननीतून चाळीस निघतील. सोळाव्या दिवशी संगणक उरलेल्या सातशे एकाहत्तर जणांना फेटाळील आणि वर सहा महिने दार बंद. यंत्र आलं तरी तेच होणार, फक्त रोज थोडं थोडं. न मारावेत तर लगदा. घरी घेऊन जावेत तर सरकारी कागदांची चोरी, आणि टेबल सोडल्यावर शिक्का मारणार कोण? लोकांना एका मूर्ख नियमातून वाचवायला त्यांनी हे कपाट उघडलं होतं, आणि आता ते उघडंही ठेवता येत नव्हतं, बंदही करता येत नव्हतं. बाईंना खूप राग आला. पहिल्यांदा त्या तिघा लॅपटॉपवाल्यांचा, मग अधीक्षकांचा, आणि शेवटी त्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याचा, की त्याने नेमकी माझीच खिडकी का गाठली. हा शेवटचा राग आला तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली.

बुधवारी शिवणवाली आली, मुलीला घेऊन. आवकबाईंनी दोघींना आत बोलावलं, जे नियमात बसत नव्हतं. कपाटातून तो कागद काढला, फरशीवर ठेवला आणि मुलीला म्हणाल्या, "बाळ, पाय ठेव बघू यावर."

मुलीने चप्पल काढून पाय ठेवला. पाची बोटं रेषेच्या बाहेर गेली. डोळे काढलेला अंगठा तिच्या पावलाखाली पुरता झाकला गेला. टाच रेषेला लावली तर पुढे बोटभर जागा कमी. कोपऱ्यातली पेन्सिलीची तारीख अकरा महिन्यांपूर्वीची होती.

"मोठी झाली," आई म्हणाली. तिच्या आवाजात थोडं कौतुकही होतं, कारण आई होती ती.

उद्या अर्ज मंजूर होऊन बूट आले असते तरी ते या पायात गेले नसते. या कपाटात अशी पावलं सत्तर-ऐंशी तरी होती. बाई खाली बसल्या, नवा कागद घेतला आणि मुलीचं पाऊल स्वतः आखलं. मुलीला गुदगुल्या झाल्या, ती हसायला लागली आणि रेष दोनदा हलली. मग त्यांनी दोघींच्या देखत जुन्या अर्जाला नवा कागद जोडला आणि त्यावर शिक्का मारला. "आजपासून तुमचे नऊ दिवस," त्या म्हणाल्या. शिवणवालीने हात जोडून मान खाली घातली.

गुरुवारी सकाळी त्यांनी यादी पुरी केली आणि अधीक्षकांपुढे ठेवली. सातव्या ओळीत लिहिलं होतं: कपाट क्रमांक चार, नोंद न केलेले अर्ज, आठशे दहा.

अधीक्षकांनी ती ओळ वाचली आणि उठून दार लावलं.

"यावर सही करणारा माणूस या खात्यात अजून जन्माला यायचाय," ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "आणि मी केली तर उद्या चौकशी. पहिलं नाव तुमचं, दुसरं माझं. ते आठशे दहा लोक तिसरे, आणि त्यांच्यापर्यंत कुणी पोचणारच नाही. बाई, मलाही मुलं आहेत. तीन शब्द लिहा आणि लेकीकडे जा."

ते खोटं बोलत नव्हते, हीच पंचाईत होती. बाईंनी यादी उचलली आणि त्या जागेवर परत आल्या. दिवसभर त्यांनी काम केलं, तीन अर्जांवर शिक्के मारले, चार नवे आले ते कपाटात ठेवले. मधल्या सुट्टीत डबा उघडला आणि तसाच बंद केला. दोनदा त्यांनी नवा कागद घेऊन "जुने कोरे फॉर्म" असं लिहिलं. अक्षर छान आलं होतं. दोन्ही वेळा त्यांना स्वयंपाकघरातली ती फळी दिसत होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी कागद फाडला.

शुक्रवारी सकाळी त्यांनी एक साधा अर्ज लिहिला. वैयक्तिक कारणास्तव बदली नको आहे, आहे त्या जागी ठेवावं. स्वतःच्याच अर्जावर त्यांनी शिक्का मारला आणि नोंद केली. तो अधीक्षकांकडे पाच मिनिटांत गेला आणि दहाव्या मिनिटाला मंजूर होऊन परत आला. दोन वर्षांत या कचेरीत इतकं झटपट काम कुठलंच झालं नव्हतं. अधीक्षकांनी शेरा लिहिला होता, कर्मचारी सध्याच्या ठिकाणी समाधानी.

चार वाजता ट्रक आला. हमालाने विचारलं, कोरे फॉर्म कुठे आहेत? बाईंनी कपाटाच्या तळातले खरोखरचे कोरे फॉर्म काढून दिले, दोन गठ्ठे निघाले. मग कपाटाला कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली. रिटायर व्हायला पाच वर्षं होती. रोज तीन बाहेर जात होते आणि चार आत येत होते. हा हिशेब पाच वर्षांत कुठे जातो ते त्यांनी मांडून बघितलं नाही.

शनिवारी त्या घरी गेल्या. फोनवर सांगायचा धीर झाला नव्हता. नवऱ्याने ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणून तो दुकानात गेला, शनिवारी दुपारी दुकान बंद असतं तरी. सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या. लेक मात्र समोर बसून राहिली. तिने सगळं नीट विचारून घेतलं, कपाट केवढं, अर्ज किती, नियम काय.

"पण कपाट कुणाचं आहे?" तिने विचारलं.

"सरकारचं."

"मग तू कशाला राहतेस?"

"किल्ली माझ्याकडे आहे गं," त्या म्हणाल्या.

लेक रडली नाही, चिडलीही नाही. ती म्हणाली, मग सकाळची शिकवणी सकाळीच ठेवते, मैत्रिणीला सांगून येते. ती उठली, दाराशी बसून बूट चढवायला लागली. निळे बूट होते, बाईंनी पूर्वी न पाहिलेले, पायात अगदी बरोबर बसलेले. नाडी बांधून ती निघून गेली. बाई दाराशी उभ्या राहून बघत होत्या. सत्तर-ऐंशी मुलांच्या पावलांची मापं त्यांच्या कपाटात होती, आणि हे बूट कितीचे आहेत ते त्यांना माहीत नव्हतं.